लिलाबाईने निवडलेला टायर

मी एक जुना टायर आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर नाक मुरडाल. अंगावरच्या खाचा कधीच झिजून गेल्या, कडा उसवल्या आणि मूळचा काळा रंग राखाडी झाला. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी पिंपळपाणी नावाचे गाव आहे. तिथल्या दूध केंद्राच्या दारात मी आडवा पडलेला असतो. सकाळी दुधाचे कॅन उतरवताना ते फरशीवर आपटू नयेत म्हणून आधी माझ्या अंगावर टेकवतात. एवढेच आता माझे काम. ते आटोपले की एखादी शेळी येऊन माझ्या पोटात बसते, पोरे माझ्यावर उड्या मारतात आणि मी माझ्या धावण्याचे दिवस आठवत राहतो. तेच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यात घालून मला असे दाबले की आपला जीव आता जातो असेच मला वाटले. बाहेर आलो तेव्हा अंगावर खाचा उमटलेल्या होत्या. मधोमध एक सलग पट्टा आणि दोन्ही कडांना दातांसारखे जाड उंचवटे. मला माझे रूप फार आवडले. आमच्याच साच्यातले आम्ही चौघे भाऊ एका ट्रकमधून धुळ्याला आलो आणि आग्रा रोडवरच्या रुपचंदच्या दुकानात उतरलो.

तिथे माझा सगळा तोरा उतरला. ट्रकवाले यायचे ते सरळ रेघांचे टायर मागायचे, कारण ते डांबरावर हलके पळतात. शेतकरी यायचे ते ट्रॅक्टरच्या वळणाचे, खोल खोल दातांचे टायर मागायचे, कारण ते चिखलाला घाबरत नाहीत. आम्हाला कोणी हात लावून पाहायचे आणि म्हणायचे, हा धड रस्त्याचा नाही की धड शेताचा नाही. त्यात बहात्तरचा दुष्काळ पडला आणि गिऱ्हाईकच आटले. रुपचंदने आम्हाला मागच्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवले. मी सगळ्यांत खाली होतो. वर्ष उलटले तरी आमच्यावर धूळच साचत गेली. आपण कोणाच्याच कामाचे नाही असे मनाने घेतले की दिवस फार मोठे होतात, मित्रांनो.

आता लिलाबाईची ओळख करून देतो, कारण ही गोष्ट माझी असली तरी तिच्याशिवाय पुढे सरकत नाही.

लिलाबाई पिंपळपाणीची. दुष्काळात तिची बैलजोडी गेली. चारा छावणीपर्यंत नेली होती, पण धाकटा बैल तिथेच बसला तो उठला नाही, आणि त्याच्यामागोमाग थोरल्यानेही चारा सोडला. तिचा नवरा कामासाठी सुरतेच्या गिरणीत गेला. तिकडून त्याचे निरोप यायचे की म्हशी विकून टाक आणि तूही इकडे ये. लिलाबाईला गाव सोडायचे नव्हते. तिच्या दारात दोन म्हशी उरल्या होत्या. आजूबाजूच्या घरांतही एकेक दोनदोन म्हशी होत्या, पण दूध घेणार कोण? घरात पिऊन उरलेल्याचे दही, दह्याचे ताक, आणि ताक शेवटी कुत्र्यांपुढे.

त्या सुमारास जळगावहून दुधाची गाडी सकाळी चोपड्यापर्यंत येऊ लागली. लिलाबाई बायकांना घेऊन त्या गाडीबरोबर येणारे सुपरवायझर देवचंद भाऊ यांना जाऊन भेटली. देवचंद भाऊ माणूस सरळ, पण नियमाला पक्का. त्यांनी सांगितले की पावसाळाभर एकही दिवस खंड न पडता तुमच्या गावचे दूध आले, तर दसऱ्याला गावातच केंद्र देऊ. खंड पडला तर नाव कमी होईल. पायथ्याच्या गावांची नावे दर पावसाळ्यात अशीच कमी होत होती, कारण पाऊस लागला की तिकडच्या वाटेने बैलगाडीसुद्धा वेळेवर पोचत नसे. लिलाबाईने हो म्हटले. घरी येऊन सुरतेला निरोप पाठवला की दसऱ्यापर्यंत थांबा. केंद्र झाले तर तुम्हीच इकडे या, नाही झाले तर म्हशी विकून मी येते.

आता गाडी हवी होती. गाडी होती, पण ती चोपड्यात उभी होती आणि लोक तिला हसत होते. चोपड्याचे धान्याचे व्यापारी गौतमचंद शेठ यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी पिकअप आणली होती. चारही चाकांना जोर मिळणारी, मागे माल भरायला हौदा असलेली. सातपुड्यातल्या धोंड्यांनी पोट खरवडू नये म्हणून त्यांनी लोहाराकडून तिचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवून घेतले आणि तिला चांगली हातभर उंच करून घेतली. गाडी उंच झाली, पण टायर मूळचेच राहिले, झिजून गुळगुळीत झालेले. पहिल्याच पावसात ती काळ्या मातीत रुतली आणि शेठ कमरेपर्यंत चिखलाने माखून घरी आले. तेव्हापासून गावाने तिचे नाव उंट ठेवले. बाजारात कोणी ना कोणी शेठना विचारायचेच की उंट काय खातो, पाणी किती दिवसांनी पितो. शेठ हसून घ्यायचे, पण मनातून खट्टू व्हायचे.

लिलाबाईचा धाकटा भाऊ अभिमन त्यांच्याकडे ड्रायव्हर होता. त्यानेच हे दोन अडलेले जीव एकत्र आणले. सकाळी दूध आणायचे आणि परतताना शेठचा किराणा पायथ्याच्या गावांना पोचवायचा, असे ठरले. फक्त टायर घ्यायला हवे होते. म्हणून एके दिवशी उन्हाळ्याच्या अखेरीस ती उंच पिकअप तिघांना घेऊन धुळ्याला रुपचंदच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली.

शेठना ट्रॅक्टरच्या वळणाचेच टायर हवे होते. उंच गाडीला दांडगे टायर शोभतात आणि चोपड्यातली तोंडे बंद होतात, असा त्यांचा हिशेब. अभिमनला सरळ रेघांचे हवे होते, कारण चालवणारा तो, आणि डांबरावर हादरे त्याच्या पाठीला बसणार. दोघांची हळूहळू जुंपली.  तेवढ्यात लिलाबाईने पदराची गाठ सोडली. तिच्यात गावाकडून आणलेली काळ्या मातीची ढेकळे होती. दुकानातल्या माठाजवळ बसून तिने ती भिजवून कणकेसारखी मळली आणि एकेका टायरच्या खाचांत अंगठ्याने दाबून भरू लागली. रुपचंद हरकत घेणार होता, पण पुढे काय होते ते पाहायची त्यालाही उत्सुकता वाटली असावी.

भरून झाल्यावर तिने प्रत्येक टायरवर मुठीने ठोसे मारले. रेघांच्या टायरमधली माती हललीसुद्धा नाही. ट्रॅक्टरच्या वळणाच्या टायरमधली माती लगेच पडली. शेठचा चेहरा खुलला. मग रुपचंद म्हणाला की बाई, परीक्षा चांगली घेतलीस, पण अर्धीच घेतलीस. हे दांडगे टायर चिखलात राजे असतात. डांबरावर लांब पळवले तर तापतात, त्यांचे दात भराभर झिजतात आणि गाडी ताब्यात राहत नाही. तुझा रस्ता कसा आहे ते आधी सांग.

"दादा, आमना रस्ता एक नही शे," लिलाबाई म्हणाली. "पहिले धोंडा, मंग नाल्यानी रेती, मंग काई माटी, आनि मंग डांबर. या बठ्ठास्मा चालनारं दे."

धोंडे, रेती, काळी माती आणि डांबर, या सगळ्यांत चालणारा टायर तिला हवा होता. रुपचंद मागे गेला आणि वरच्या तिघा भावांना बाजूला करून त्याने मला बाहेर लोळवत आणले. माझ्या कडांच्या खाचांत माती भरली गेली. लिलाबाईने ठोसा मारला. थोडी पडली. दुसरा मारला, तेव्हा उरलेली पडली. मित्रांनो, त्या दोन ठोशांइतके गोड मला आयुष्यात काही लागले नाही. रुपचंदने सांगितले की हा कशातच पहिला येणार नाही, पण कुठेच नापासही होणार नाही. चिखल लागला की थोडी हवा कमी करा, डांबर लागले की पुन्हा भरा, आणि तेलातुपापासून जरा दूर ठेवा. हे शेवटचे त्याने अभिमनकडे पाहून सांगितले. लिलाबाई तेव्हा हात धूत होती.

आम्ही चौघेही गाडीला बसलो. मी मागच्या उजव्या बाजूला लागलो. झिजलेल्या टायरांपैकी त्यातल्या त्यात बरा होता, तो स्टेपनी म्हणून मागे टांगला.

मग पाऊस सुरू झाला आणि माझे खरे आयुष्यही. पहाटे गावातून निघायचे, घरोघरचे दूध कॅनमध्ये ओतून घ्यायचे. धोंड्यांच्या उतारावर माझ्या कडा दगडांना धरून ठेवायच्या. नाल्याच्या रेतीत मी पसरून चालायचो. पुढे काळी माती लागली की अभिमन खाली उतरून हवा कमी करायचा, आणि मी माती खात, माती टाकत, डुलत डुलत पलीकडे निघायचो. डांबर लागले की तो घाम गाळत पंपाने हवा भरायचा. चोपड्यात आम्ही जळगावच्या गाडीच्या आधी हजर. देवचंद भाऊंची मान जराशी हलायची. बाजारात लोक अजूनही उंटच म्हणायचे. आता मात्र आमच्या उंटाने आज दूध आणले का, असे विचारायचे. शेठच्या चालण्यातही फरक पडला होता.

लिलाबाई रोज कॅनशेजारी मागे बसायची. गाडी थांबली की माझ्या खाचांत अडकलेले खडे बोटांनी काढायची. एवढी माया मला कोणी लावली नव्हती. आणि मायेनेच घोटाळा झाला.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. गावात घरोघर खांदेमळणी चालली होती. तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या घरच्यांना ठाऊक असेल, वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, म्हणून त्या संध्याकाळी हळद आणि लोणी लावून ते खांदे चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतण देतात. लिलाबाईचा गोठा रिकामा होता. ती ओसरीवर बसून दुसऱ्यांच्या घरची गडबड ऐकत होती. मग उठली, लोण्याचा गोळा आणि हळद घेऊन अंगणात उभ्या असलेल्या आमच्याजवळ आली. एकेका टायरपाशी बसून तिने आम्हाला हळदलोणी चोळले. टायर आणि लोखंडी रिम जिथे भेटतात ती फट तिला जुवाच्या घट्ट्यासारखी वाटली असावी. तिथे तिने बोटाने दाबून दाबून लोणी भरले, माझ्या वाट्याला तर जरा जास्तच. "आते तूच मना बैल शेस," ती म्हणाली, आणि माझ्या अंगावर डोके टेकून बसली.

अभिमन दारातून पाहत होता. रुपचंदचे बोलणे तो विसरला नव्हता. दोनदा तो पुढे आला आणि दोनदा मागे फिरला. बहिणीला त्या क्षणी काही सांगणे त्याच्याने झाले नाही. मलाही सांगता येत नव्हते. खरे म्हणजे, सांगता आले असते तरी मी बोललो असतो का, कोण जाणे. मी सुखावलो होतो.

पोळ्याच्या सकाळी आम्ही निघालो. धोंड्यांवर मी दोनतीनदा घसरलो, तेव्हाच मला भीती वाटू लागली. नाला कसाबसा पार झाला. काळ्या मातीत अभिमनने हवा कमी केली आणि गाडी पुढे घातली. रात्री पाऊस पडला होता, माती हलव्यासारखी झाली होती. मधोमध पोचल्यावर त्याने जोर लावला. लोखंडी रिम जोरात फिरली, पण लोण्यामुळे ती माझ्या पोटातच फिरली आणि मी जागच्या जागी राहिलो. त्या ओढाताणीत आतल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटला. फस्स करून सगळी हवा गेली. गाडी माझ्या बाजूला कलली आणि चिखलात बसली.

अभिमनने खाली उतरून पाहिले. हाताला लागलेले लोणी त्याने बहिणीला दाखवले.

"अक्का, माले माहीत व्हतं," तो म्हणाला. "पन तुले कसं सांगू?"

लिलाबाईने वळून कॅनकडे पाहिले. कॅनमध्ये साऱ्या गावाचे दूध होते आणि ऊन वर येत होते. आज दूध पोचले नाही तर खंड पडणार होता, नाव कमी होणार होते, आणि मग सुरत. स्टेपनी लावून भागणार नव्हते. तिचा गुळगुळीत टायर या मातीत जागीच गरगरला असता. एरवी शेजारच्या शेतातून कोणीही बैल आणून गाडी ओढून काढली असती, पण आज पोळा होता. आज कोणी बैलाला जू लावत नाही.

जवळच्या नाल्यावर गावातले लोक बैलांना अंघोळ घालत होते. त्यांनी गाडी कललेली पाहिली आणि धावत आले. सगळ्यांत पुढे भाईदास आबा होते. त्यांची जोडी गावात पहिली. पोळ्याच्या तोरणाखालून दरवर्षी पहिला मान तिचा. आबांनी गाडी पाहिली, कॅन पाहिले, लिलाबाईचे तोंड पाहिले. मग खाली पाहत विचारले की मी माझी जोडी जुंपू का? त्या वयाच्या माणसाने पोळ्याच्या दिवशी असे विचारणे म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला कळले. 

"नको, आबा," लिलाबाई म्हणाली. "आजना दिन त्यास्ना शे."

आबांनी नाल्याकडे वळून पाहिले. ओले बैल काठावर शांत उभे होते. शिंगे अजून रंगवायची होती. आबांनी डोक्याचे पागोटे नीट बसवले.

"मंग आपन शेतस ना," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या खांद्यावर थाप मारली.

लिलाबाईत जणू जीव आला. तिने कॅन उतरवायला लावले, नाल्याच्या वाहत्या पाण्यात मानेपर्यंत बुडवून ठेवले आणि तोंडावर ओली पोती टाकली. जॅक चिखलात बुडत होता, म्हणून आबांच्या शेतातल्या खोपीचे दार काढून आणून त्याच्या खाली घातले. मला उतरवले. अभिमनने स्टेपनीची चांगली ट्यूब काढली, आमचे माप एकच होते. पण ती माझ्यात घातली तरी लोणी असेपर्यंत पुन्हा तेच होणार, हे आता लिलाबाईला पक्के कळले होते. ती एकदम खोपीकडे पळाली आणि चुलीतली राख ओच्यात भरून घेऊन आली. दुधातुपाची भांडी घासण्यात तिचे अर्धे आयुष्य गेले होते. राखेने, नाल्याच्या रेतीने आणि नारळाच्या शेंडीने तिने माझी कड आणि रिम अशी घासली की माझी साले निघतात की काय असे वाटले. पोळ्याला आलेल्या बाप्यांनी बाकीचे तिघे भाऊ घासून काढले. घासताना लिलाबाई रडत होती आणि तिचा हात मात्र थांबत नव्हता. मला राग आला नव्हता, मित्रांनो. आदल्या दिवशी चोळणारा हात आणि आज घासणारा हात एकच होता, आणि दोन्ही वेळा त्याला माझे भलेच करायचे होते.

हवा भरून मी पुन्हा जागेवर बसलो. आता गाडी बाहेर काढायची होती. पोळ्यासाठी बैलांना आणलेले नवे कोरे दोर होते. ते दोन आणि दोन चार जोडून पुढे बांधले. भाईदास आबांनी पहिला दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला. त्यांच्या मागे बाकीचे लागले. बैल काठावर रवंथ करत पाहत राहिले आणि माणसांनी ओढले. अभिमनने हलकेच जोर दिला, मी माती पकडली, टाकली, पुन्हा पकडली आणि गाडी काळ्या रानातून बाहेर आली.

चोपड्यात पोचलो तेव्हा जळगावची गाडी निघून गेली होती. गौतमचंद शेठ दुकानाच्या पायरीवर वाट पाहत उभे होते. पोळ्यासाठी त्यांनी पांढरेशुभ्र धोतर नेसले होते. त्यांनी लिलाबाईला समजावले की बाई, नशिबात नव्हते, तू तुझ्याकडून काही कमी केले नाहीस, आता घरी जा. लिलाबाई खालीच उतरली नाही. तिने फक्त विचारले की जळगावचा रस्ता डांबरी आहे ना?

शेठ कॅनकडे आणि आमच्याकडे पाहत राहिले. दांडगे टायर घेतले असते तर काय झाले असते, हे त्या क्षणी त्यांच्या मनात आले असावे. मग ते हौद्यात चढले आणि त्या पांढऱ्या धोतरानिशी ओल्या पोत्यावर बसले. एका कॅनला त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी धरून ठेवले.

अभिमनने हवा टिच्चून भरली आणि आम्ही पळालो. एवढे डांबर मी एका दमात कधीच कापले नव्हते. मी तापलो, पण लडखडलो नाही. तापी ओलांडली. वाटेत प्रत्येक विहिरीवर थांबून लिलाबाई पोती भिजवत होती. जळगावला दूध उतरवण्याच्या जागी पोचलो तेव्हा दुपार होत आली होती आणि देवचंद भाऊ नुकतेच जेवणाचा डबा उघडत होते.

त्यांनी डबा बंद केला. एकेका कॅनचे झाकण उघडून वास घेतला, प्रत्येकातले थोडे दूध उकळून पाहिले. एका कॅनमधले दूध फाटले. तो कॅन त्यांनी बाजूला काढला. दुसरा चांगला निघाला, तिसराही. लिलाबाई माझ्या अंगाला हात टेकून उभी होती.  शेवटचा कॅन तपासून देवचंद भाऊंनी हात पुसले. "दूध आलं. खंड नाही पडला," असे म्हणून ते तिच्याकडे वळले आणि तुम्ही सकाळपासून काही खाल्ले आहे का असे विचारले. मग त्यांच्या डब्यातली भाकरी चौघांनी वाटून खाल्ली.

परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. पोळा फुटण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. तरी गावाच्या वेशीत तोरण तसेच बांधलेले होते आणि त्याच्यामागे रंगवलेल्या शिंगांचे बैल झुली घालून रांगेने उभे होते. गाव थांबले होते. भाईदास आबांनी आपल्या जोडीचा कासरा हातात धरूनच विचारले, पोचलं का? अभिमनने मान हलवली. आबांनी जोडीला बाजूला घेतले आणि गाडीला पुढे यायची खूण केली. पण तोरण बैलांच्या उंचीचे होते आणि आमच्या उंटाचे टप त्याला अडत होते. मागून कोणीतरी खुदकन हसले.

"तोरन वर ल्या रे," आबा म्हणाले. "ती काय वाकनार नही."

दोन तरण्या पोरांनी काठ्यांनी तोरण वर उचलून धरले. लिलाबाई मागे हौद्यात उभी होती. पहिला मान आम्हाला मिळाला आणि मग आमच्यामागून सगळे बैल आले.

दसऱ्याला पिंपळपाणीला केंद्र झाले. दिवाळीच्या आधी सुरतेहून एक माणूस पेटी घेऊन उतरला आणि म्हशींनी त्याला ओळखले. मी पुढे कितीतरी पावसाळे धावलो. दर खांदेमळणीला लिलाबाई कोरडे फडके घेऊन यायची आणि आम्हाला पुसून काढायची. लोणी तिने पुन्हा कधी आणले नाही. मी अगदीच झिजलो तेव्हा भंगारवाला आला होता. तिने त्याला वाटेला लावले आणि मला इथे दारात आणून ठेवले.

मित्रांनो, माया करायला पैसा लागत नाही, पण ज्याच्यावर माया करायची त्याला काय मानवते ते मात्र माहीत असावे लागते. बैलाला लोणी मानवते. मला स्वच्छ अंग, सावली आणि पुरेशी हवा मानवते. आम्हाला तोंड नाही. आमची हवा कमी झाली तर आम्ही हाक मारत नाही, मुकाट्याने कडा झिजवून घेतो. माझी हवा गेली तेव्हा पोळ्याच्या दिवशी एक म्हातारा दोर खांद्यावर घेऊन चिखलात उतरला. असे भाग्य किती टायरांच्या वाट्याला येते? तुमच्या घरी भिंतीला टेकून उभी असलेली सायकल असेल, वडिलांची, आईची किंवा तुमची. आज शाळेतून घरी गेलात की तिच्या टायरवर अंगठा दाबून बघा. तो दबला तर पंप शोधा.